डिझेल पिकअपची इग्निशन कॉइल बदलायची आहे? आधी ती गाडीत दाखवा

प्रश्न थोडक्यात असा. मानखुर्दच्या एका भावाकडे २०१८ची डिझेल पिकअप आहे. अडीच लिटर, चार सिलिंडर, कॉमन रेल (म्हणजे चारही इंजेक्टरना एकाच जबर दाबाच्या नळीतून, रेलमधून, डिझेल मिळतं). जाताना किराणा माल घेऊन नाशिककडे जायचं, येताना पिंपळगाव बसवंतहून टोमॅटो नाहीतर कांदा भरून वाशीच्या मार्केटला यायचं. मुंबईत गाडी एका सेल्फला उठते. पण थंडीत पिंपळगावला पहाटे चार-पाच वेळा सेल्फ मारावा लागतो, मागून पांढरा धूर येतो, इंजिन दोन मिनिटं थरथरतं आणि मग काही झालंच नाही असं चालू लागतं. शिवाय गेल्या महिन्यापासून कसारा घाट चढताना गाडी मधूनच दम टाकते, मिसिंग आल्यासारखं, म्हणजे इंजिनाचा एखादा ठोका चुकल्यासारखं, वाटतं. डॅशबोर्डवर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो. शेजाऱ्याच्या टेम्पोला असंच मिसिंग होतं, त्याची इग्निशन कॉइल बदलली आणि गाडी सुधारली. भावाच्या गॅरेजवाल्यानेही ‘कॉइल गेली’ म्हणून साडेचार हजार सांगितले. तर ही कॉइल स्वतः कशी बदलायची आणि कुठली घ्यायची?

भाऊ, ती तुम्हाला बदलता येणार नाही, कारण तुमच्या गाडीत ती नाहीच. बॉनेट उघडून दिवसभर शोधलीत तरी सापडणार नाही. इग्निशन कॉइल पेट्रोल आणि सीएनजीच्या इंजिनात असते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच पडत नाही, मग ठिणगी तयार करणारी कॉइल कशाला लागेल?

हसू नका आणि लाजूही नका. कुर्ल्यात गेली अठ्ठावीस वर्षं डिझेल गाड्यांचं काम करतोय, हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतो. त्याचं कारण आमच्याच धंद्यात आहे. गॅरेजमध्ये ‘कॉइल’ हा शब्द आम्ही वाट्टेल त्याला लावतो. पेट्रोल गाडीची इग्निशन कॉइल ही कॉइल. जुन्या डिझेल पंपावर इंजिन बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असायचा, तीही कॉइल. डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या डोक्यातलं वेटोळं ते कॉइल, आणि डॅशबोर्डवरचा तुमचा तो पिवळा दिवा वेटोळ्यासारखा दिसतो म्हणून तो कॉइलचा दिवा. तुमच्या मिस्त्रीच्या मनात यातली कुठली होती हे त्यालाच ठाऊक. थंडीत इंजिनाला ऊब देणारा हीटर प्लग म्हणायचं असेल, इंजेक्टर म्हणायचा असेल, किंवा शेजाऱ्याच्या गाडीची गोष्ट तुमच्याकडून ऐकून त्याने ‘हो’ला ‘हो’ केलं असेल. म्हणून पहिलं काम: त्याच्याकडे जा आणि म्हणा, ‘उस्ताद, कुठली कॉइल, जरा बोट ठेवून दाखवा.’ बोट कुठे जातं त्यावर अर्धा उलगडा होतो.

आता ठिणगी का लागत नाही ते सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचा खालचा भाग हाताला गरम लागतो. हवा दाबली की तापते, एवढंच. पेट्रोल इंजिन हवा-पेट्रोलचं मिश्रण साधारण दहापट दाबतं आणि वेळ झाली की स्पार्क प्लगने ठिणगी टाकतं. त्या ठिणगीसाठी कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे २० ते ४० हजार व्होल्ट करते. डिझेल इंजिन मात्र नुसती हवा आत घेतं आणि ती सोळा-सतरा पट दाबतं, जुनी इंजिनं तर वीस-बावीस पट. इतकी दाबलेली हवा ५०० अंशांच्या पुढे जाते. डिझेल २१० ते २५० अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतं. मग त्या तापलेल्या हवेत इंजेक्टरने बारीक फवारा मारला की काम झालं. रुडॉल्फ डिझेलने जर्मनीतल्या ऑग्सबर्गला १८९७मध्ये आपलं इंजिन यशस्वी चालवून दाखवलं ते याच तत्त्वावर. तेव्हापासून पंप बदलले, नोझल बदलले, वर कॉम्प्युटर आला, पण हवा दाबून पेटवायची ही रीत तीच राहिली.

म्हणजे तुमच्या इंजिनाला पेटायला तीनच गोष्टी लागतात. भरपूर दाबलेली गरम हवा, योग्य वेळी योग्य दाबाने आलेलं डिझेल, आणि हे दोन्ही होईपर्यंत इंजिन जोरात फिरवणारा सेल्फ. तुमच्या तक्रारी दोन आहेत. थंडीत उठत नाही ही एक, घाटात दम टाकते ही दुसरी. शेजाऱ्याच्या कॉइलमुळे तुम्ही दोन्ही एकाच खुंटीला टांगल्या आहेत. त्या सोडवा. थंडीतला पांढरा धूर आणि घाटातलं मिसिंग ही मला दोन वेगळी दुखणी वाटतात.

शेजाऱ्याच्या टेम्पोबद्दल आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तो विषय संपला. तो टेम्पो सीएनजीचा नाहीतर पेट्रोलचा असणार. हल्ली तीच छोटी मालगाडी डिझेलमध्ये, पेट्रोलमध्ये आणि सीएनजीमध्ये मिळते. बाहेरून सगळ्या सारख्याच, आतलं इंजिन वेगळं. सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून तिथे प्लग आणि कॉइल लवकर थकतात. त्याला पुन्हा मिसिंग आलं तर नवी कॉइल घेण्याआधी संशयित कॉइल काढून दुसऱ्या सिलिंडरवर लावून बघायला सांगा. मिसिंग कॉइलच्या मागोमाग दुसऱ्या सिलिंडरवर गेलं तर कॉइल खराब. जागेवरच राहिलं तर प्लग, वायर नाहीतर आतलं काही. दहा मिनिटांची परीक्षा आहे, पैसा एक लागत नाही. तुमच्या गाडीवर मात्र हा प्रयोग होणार नाही.

थंडीतल्या त्रासाकडे येऊ. मुंबईच्या डिझेलवाल्याला हीटर प्लग म्हणजे काय हे बऱ्याचदा माहीतच नसतं, कारण त्याला त्याची गरजच पडत नाही. इथे जानेवारीतही पहाटे सोळा-सतरा अंश असतात. सांताक्रूझचा आजवरचा नीचांक ७.४ अंशांचा, तोही जानेवारी १९६२चा. चारपैकी तीन प्लग जळलेले असले तरी मुंबईत गाडी उठते आणि मालक खूश. तीच गाडी निफाड-पिंपळगावच्या पट्ट्यात डिसेंबरच्या पहाटे उभी करा, पारा एक आकडी असतो. थंड हवा, थंड लोखंड, घट्ट झालेलं ऑइल. दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या भिंती पिऊन टाकतात आणि फवारलेलं डिझेल न जळताच धुराड्यातून बाहेर पडतं. तोच तुमचा पांढरा धूर. त्याला कच्च्या डिझेलचा वास येत असेल, डोळे चुरचुरत असतील. दोन मिनिटांत इंजिन स्वतःच्या उष्णतेने सावरतं आणि थरथर थांबते. चित्र अगदी पुस्तकातलं आहे.

(पांढरा धूर गाडी तापल्यावरही येत राहिला, वास गोडसर असला आणि कूलंट कमी होत असेल तर मात्र हे सगळं विसरा आणि हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यांच्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधलं सील) तपासा.)

हीटर प्लग म्हणजेच ग्लो प्लग. पेन्सिलीएवढा दांडा, हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला एक. चावी फिरवली की त्याचं टोक काही सेकंदांत ८५० ते १००० अंशांपर्यंत लालभडक होतं आणि फवाऱ्याला पेटायला गरम जागा मिळते. गाडी उठल्यावरही काही गाड्यांत तो दोन-तीन मिनिटं चालू राहतो, धूर कमी व्हावा म्हणून. त्यानंतर तो झोपतो. कसारा घाटात त्याचा काडीचा संबंध नाही. तो वेटोळ्याचा दिवा याचाच. काही मोठ्या इंजिनांत प्लगऐवजी इनटेकमध्ये हवा तापवणारी जाळी असते आणि तिलाही हाच दिवा असतो, पण तुमच्या मापाच्या गाडीत तो प्लगचाच समजा. चावी ऑन केल्यावर तो लागून विझणं हे बरोबर आहे, विझेपर्यंत सेल्फ मारू नये. चालत्या गाडीत तो लुकलुकत असेल तर काही कंपन्यांच्या गाड्यांत त्याचा अर्थ ‘इंजिनच्या कॉम्प्युटरने दोष नोंदवलाय’ एवढाच असतो, प्लगच गेला असं नव्हे. तुमचा दिवा नेमका कधी लागतो हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि निदान त्यावर बरंच अवलंबून आहे.

पण प्लगला हात लावण्याआधी बॅटरी. हे ऐकून लोकांचा हिरमोड होतो, बॅटरी तपासण्यात काही शान नाही. तरी सांगतो, थंडीत न उठणाऱ्या डिझेल गाड्यांपैकी कितीतरी आमच्याकडे नवीन बॅटरीवर किंवा नुसत्या साफ केलेल्या अर्थिंगवर बऱ्या झाल्या आहेत. चार प्लग मिळून सहज चाळीस-पन्नास अँपिअर ओढतात, सुरुवातीला त्याहूनही जास्त. त्यावर सेल्फचा भार. थंडीत बॅटरीची ताकद आधीच उतरलेली. सेल्फ हळू फिरला की हवेला दाबाखाली तापायला लागतो तो वेग मिळत नाही, पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून हवा निसटते आणि तापमान खाली येतं. मीटर (मल्टीमीटर) बॅटरीच्या टोकांवर लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा साडेनऊ व्होल्टच्या खाली गेला तर पुढे जाऊच नका. बॅटरी चार्ज करून, टोकं घासून, इंजिनाची अर्थिंगची वेणी चेसिसला जिथे आवळलेली असते तिथला गंज काढून पुन्हा बघा. मुंबईची खारट हवा ती वेणी आतून खाते. वरून चकचकीत, आत हिरवा चुरा.

बॅटरी ठीक निघाली तर प्लग तपासा. गाडी थंड, चावी बंद. चारही प्लगच्या डोक्यांना जोडणारी पट्टी किंवा वायरी काढा. पट्टी न काढता मोजलंत तर चारही एकत्र मोजले जातील आणि काही कळणार नाही. मीटर ओहमवर ठेवून एक टोक प्लगच्या डोक्यावर, दुसरं इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर. चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. मीटरच्या वायरींचाच पाव-अर्धा ओहम असतो, तो आधी दोन टोकं एकमेकांना टेकवून बघून वजा करा. काहीच दाखवलं नाही म्हणजे आतलं वेटोळं तुटलं. मीटर नसेल तर टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला आणि टोक प्लगच्या डोक्यावर. दिवा लागला तर वेटोळं शाबूत. पण वेटोळं शाबूत म्हणजे प्लग नीट तापतोच असं नाही, त्यासाठी वायरीभोवती चिमट्यासारखा लावायच्या क्लॅम्प मीटरने करंट बघावा. चारही प्लग सारखाच ओढत असतील तर बरं, एखादा निम्माच ओढत असेल तर तो दमलाय.

एक खेळ लोक हमखास करतात. प्लग बाहेर काढून थेट बॅटरीवर लावून लाल होतो का बघतात. करू नका. जुने प्लग ११-१२ व्होल्टचे होते, तेव्हा खपून जायचं. नवे झटपट तापणारे प्लग चार-पाच ते सात व्होल्टचे असतात आणि कंट्रोलर त्यांना मोजून वीज देतो. त्यांना थेट १२ व्होल्ट दिले तर काही सेकंदांत जळतात, कधी टोक फुटतं. पाहुण्याला घरात बोलावून पायरीवरच पाडल्यासारखं.

चारही प्लग चांगले निघाले तर वीज त्यांच्यापर्यंत येते का बघा. रिले किंवा कंट्रोलर, त्याचा मोठा फ्यूज, आणि त्याला सांगणारा कूलंट टेम्परेचर सेन्सर. सेन्सर ‘इंजिन गरम आहे’ असं खोटं सांगत असेल तर कॉम्प्युटर प्लगला वीजच देणार नाही. यात मुंबईकराची गंमत अशी की दुपारी तीनला कुर्ल्यात प्लगच्या वायरीवर टेस्ट लॅम्प लावून ‘करंट येत नाही’ म्हणणं फोल आहे, कारण ३२ अंशांत कॉम्प्युटरला प्लग चालू करायची गरजच वाटत नसते. एकतर स्कॅनरवरून (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून दोषाचे कोड वाचणारं यंत्र) प्लग चालू करून बघा, नाहीतर टेस्ट लॅम्प पिंपळगावला घेऊन जा आणि पहाटे बघा. स्कॅनरवर पी०३८० किंवा पी०६७० असेल तर प्लगच्या लाइनीचा किंवा कंट्रोलरचा दोष. पी०६७१ ते पी०६७४ म्हणजे पहिल्यापासून चौथ्यापर्यंत त्या त्या सिलिंडरचा प्लग. आणि पी०३५१ सारखा इग्निशन कॉइलचा कोड डिझेल गाडीत कोणी दाखवला तर त्याने स्कॅनरमध्ये भलतीच गाडी निवडली आहे.

आता बदलणं. तुमच्या प्रश्नातला ‘स्वतः कशी बदलायची’ हा भाग खरा इथे लागू होतो, आणि मी हात राखून सांगणार आहे. हीटर प्लग बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे किंवा तीन दिवसांचं, आणि दोन्हींमधलं अंतर एका सेकंदाचं आहे. प्लग बारीक, खोल भोकात, वर्षानुवर्षं कार्बनमध्ये रुतलेला. जोर जास्त झाला की मान मोडते आणि खालचा अर्धा हेडमध्ये राहतो. शिकाऊ असताना मी एका गिऱ्हाइकाच्या गाडीत हे केलंय. संध्याकाळी त्याला भाडं होतं, तो डोक्यावर उभा होता, मी पान्याला पाइप लावला. टिक असा आवाज आला. तो आवाज अजून कानात आहे. हेड उतरवावं लागलं, उस्तादाने दोन महिने माझ्या पगारातून कापले.

त्यामुळे घाई असेल त्या दिवशी हे काम काढूच नका. आदल्या रात्री प्लगभोवतीची माती-वाळू हवेने उडवा, कारण प्लग निघाला की ती थेट सिलिंडरमध्ये पडते. मग मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी गाडी फिरवून इंजिन पूर्ण तापवा. गरम हेडमध्ये प्लग सोडतो, थंडीत धरून बसतो. इंजिन बंद करा, चावी काढा, हातमोजे घाला, प्लगच्या वायरी काढा आणि लांब गोटी (सॉकेट) नीट बसवा. टॉर्क पाना (पिळाचा जोर न्यूटन-मीटरमध्ये दाखवणारा) असलाच पाहिजे. १० मिलिमीटर आट्यांच्या प्लगला साधारण ३५ न्यूटन-मीटर ही सोडवतानाची वरची मर्यादा समजा, ८ मिलिमीटरला २०. तेवढ्यात हलला नाही तर थांबा. पुन्हा तेल, पुन्हा इंजिन तापवणं. हलू लागला की एकदम फिरवत सुटू नका. पाव आटा सैल, थोडा परत आवळायचा, पुन्हा सैल. कार्बन असाच सुटतो. दोनदा तापवूनही नाही हलला तर पाना खाली ठेवा आणि मोडके प्लग काढायचं किट असलेल्या माणसाकडे न्या. तिथे दिलेले पैसे हेड उतरवण्याच्या खर्चापुढे काहीच नाहीत.

प्लग बाहेर आल्यावर भोकातला कार्बन रीमरने (भोक साफ करायचं दातेरी हत्यार) काढावा, रीमरच्या दातांना ग्रीस लावून, म्हणजे चुरा त्याला चिकटून बाहेर येतो. हीच वेळ कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो ते, मोजायची आहे, भोकं उघडीच आहेत. डिझेलचा गेज लागतो, पेट्रोलचा फुटेल. इंजेक्टरचे कप्लर (विजेचे जोड) काढून ठेवायचे आणि सेल्फ मारायचा. सुदृढ इंजिन २५ ते ३० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास देतं. त्याहून मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते चौघांतलं अंतर. तीन अठ्ठावीस आणि एक वीस असेल तर नवे प्लग लावून पिंपळगावची थंडी भागणार नाही.

नवे प्लग चारही एकदम घ्या, एकाच कंपनीचे, एकाच व्होल्टेजचे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दुकानदाराला ‘२०१८च्या पिकअपचा प्लग’ एवढंच सांगू नका. जुना प्लग खिशात न्या, त्यावरचा नंबर दाखवा, आणि गाडीचा चेसिस नंबर लिहून न्या, कारण मधल्या काळात एकाच नावाच्या गाडीत इंजिनं बदलली आहेत. सिरॅमिक टोकाचा प्लग हातातून पडला तर तो फेकून द्या, भले दिसायला ठीक दिसो. त्याचा तुकडा सिलिंडरमध्ये पडला तर पिस्टनची वाट लागते. बसवताना पहिले आटे बोटांनी, मग टॉर्क पान्याने. १० मिलिमीटरच्या प्लगला सुमारे १५ न्यूटन-मीटर. कंपनीचा आकडा मिळाला तर तोच धरा. आट्यांना ग्रीस थापू नका, प्लगला अर्थिंग तिथूनच मिळते. डोक्यावरचा नट अगदी नाजूक, नखाच्या जोराने आवळल्यासारखा.

घाटातल्या दमाबद्दल. इथे माझा पहिला संशय डिझेल फिल्टरवर आहे. भार नसताना इंजिन थोडं डिझेल मागतं, ते तुंबलेल्या फिल्टरमधूनही मिळतं. चढावर भरलेली गाडी जास्त मागते, रेलमधला दाब पडतो आणि कॉम्प्युटर ताकद कापतो. स्कॅनरवर पी००८७ असेल तर हेच. फिल्टर शेवटचा कधी बदलला आठवत नसेल तर उत्तर मिळालंच. फिल्टरच्या तळाचा नळ उघडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि पाच मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं. पावसाळ्यानंतर मुंबईच्या गाड्यांत ते हमखास सापडतं, आणि हे पाणी पंप-इंजेक्टर खातं. फिल्टर बदलल्यावर हातपंपाने लाइनीतली हवा काढा, नाहीतर नव्या फिल्टरसकट गाडी उठणार नाही आणि तुम्ही पुन्हा कॉइल शोधायला लागाल.

फिल्टर नवा असूनही दम टाकत असेल तर धूर बघा. काळा धूर आणि फुसफुस आवाज असेल तर टर्बोकडून (इंजिनात हवा दाबून ढकलणारा) इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणारा) जाणारा रबरी पाइप चिरला असण्याची शक्यता मोठी. हा पाइप उभ्या गाडीत चांगला दिसतो, दाब आला की तोंड उघडतो. धूर नाही, पण झटके बसतात आणि आरपीएमचा काटा उडतो, तर क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं कॉम्प्युटरला सांगणारा), कोड पी०३३५. एकाच सिलिंडरचं सलग मिसिंग असेल तर इंजेक्टर. त्याची परतीच्या (इंजेक्टरमधून उरून टाकीकडे जाणाऱ्या) डिझेलची परीक्षा होते, चार नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून. ज्याची बाटली आधी भरते तो इंजेक्टर गळका. इंजेक्टर बदलला तर त्याच्या डोक्यावरचा कोड कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो, हे सांगायला काही गॅरेजवाले विसरतात आणि गाडी नव्या इंजेक्टरवरही खडखडते.

एक गोष्ट मी कळवळून सांगतो. जुन्या डिझेल गाड्यांत मिसिंग शोधायची आमची पद्धत होती, इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करायचा. ज्याने आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. कॉमन रेलवर हे चुकूनही करू नका, कोणी करत असेल तर त्याचा हात धरा. रेलमध्ये आयडलिंगलाच, म्हणजे गाडी जागेवर चालू असतानाच, अडीचशे-तीनशे बार असतात, भाराखाली सोळाशे बार आणि त्याहून जास्त. त्या दाबाचा केसासारखा बारीक फवारा हातमोज्यातून, कातडीतून आत शिरतो. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर पट्टी बांधून झोपायचं नाही. त्याच क्षणी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं आणि ‘दाबाचं डिझेल शिरलंय’ हे शब्द वापरून सांगायचं. गळती बघायला हात नाही, पुठ्ठा फिरवायचा. इंजेक्टरच्या वायरीही चालू इंजिनात काढू नका, तिथे १२ नाही, त्याच्या कितीतरी पट व्होल्ट असतात.

आणि गळ्यापर्यंतच्या पाण्यातून गेल्यावर, समजा पाणी तुंबणाऱ्या हिंदमाता किंवा मिलन सबवेला गाडी बंद पडली आणि सेल्फ एक ‘ठक’ करून अडकला, तर पुन्हा मारू नका, धक्काही देऊ नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडे वाकलेल्या कनेक्टिंग रॉडच्या डिझेल गाड्या येत होत्या. सोळापट दाबायला बसलेल्या इंजिनात पाणी गेलं तर पाणी दबत नाही, रॉड वाकतो.

तर तुमच्या गाडीला मी या क्रमाने हात लावेन: आज बॅटरी आणि अर्थिंग, उद्या डिझेल फिल्टर, मग मीटरने चार प्लग, आणि स्कॅनर लावलाच तर कोडसोबत रेलचा दाब भाराखाली किती राहतो ते. बहुतेक तुमचा घाट फिल्टरवर सुटेल आणि पिंपळगाव प्लगवर. कोणाकडून प्लग बदलून घेतलेत तर जुने चारही मागून घ्या, सिलिंडरच्या क्रमाने, चिठ्ठी लावून. टोकं नुसती काळी असतील तर वयाने गेले. एखाद्याचं टोक वितळलेलं किंवा फुगलेलं असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर फवारा मारायच्या ऐवजी थेंब टाकतोय. तेव्हा नवा प्लगही काही महिन्यांत जाईल आणि आधी तो इंजेक्टर नोझलवाल्याच्या बेंचवर चढवावा लागेल. तो खर्च साडेचार हजारांपेक्षा जास्त असू शकतो, पण निदान ती वस्तू तुमच्या गाडीत आहे.